वाचनालयाच्या भिंतीवरचं महायुद्ध : कामाच्या नोंदी

२ जून

काम ठरलं. वाचनालयाच्या लांब भिंतीवर, वर्तमानपत्रांच्या स्टँडपासून बालविभागाच्या दारापर्यंत, पहिल्या महायुद्धाचं कायमचं प्रदर्शन. तीन बाय चार फुटांचे सनबोर्डचे फलक आणि त्यांच्याखाली सलग कालपट्टी. एका फलकाला दीडशे शब्द, त्याहून जास्त उभ्याने कोणी वाचत नाही. मजकूर माझ्याकडे, मांडणी अकरावीतल्या दोघी मुलींकडे, पैशाचं ग्रंथपाल अण्णा बघणार.

कार्यकारिणीचा आराखडा पाठ्यपुस्तकातून उचललेला : कारणे, घटनाक्रम, परिणाम. कालपट्टी १९१४ ते १९१८, वर्षाला दोन फूट. म्हणजे पट्टी बरोबर मधल्या खांबापाशी संपते. अण्णांना हे फार सोयीचं आहे, कारण खांबापलीकडे त्यांना देणगीदारांची नावं लावायची आहेत.

५ जून

कारणांचा फलक लिहिला. पाठ्यपुस्तकातली यादी सगळ्यांना पाठ आहे : आक्रमक राष्ट्रवाद, साम्राज्यांची चढाओढ, शस्त्रस्पर्धा, गुप्त करार. यादी खोटी नाही, पण ती १९०८ सालीही तितकीच खरी होती. त्या वर्षी ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया गिळला. १९११ मध्ये मोरोक्कोवरून जर्मनी आणि फ्रान्स एकमेकांवर गुरगुरले. १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये लागोपाठ दोन युद्धं झाली. दर वेळी प्रकरण निवळलं. मग १९१४ मध्येच का पेटलं, हे यादी सांगत नाही. म्हणून यादी दोन ओळींत उरकली आणि उरलेली सगळी जागा ३७ दिवसांना दिली : २८ जून ते ४ ऑगस्ट.

२८ जूनला बोस्नियातल्या साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी सोफी यांचा खून झाला. त्यानंतर जवळजवळ महिनाभर वरवर शांतता. पडद्याआड मात्र जुलैच्या पहिल्याच आठवड्यात जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगून टाकलं होतं, काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. २३ जुलैला ऑस्ट्रियाने खुनाचा ठपका ठेवत सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला, मुदत ४८ तासांची. सर्बियाने बहुतेक सगळं मान्य केलं. आपल्या भूमीवर ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी तपास करायचा, हे तेवढं नाकारलं. ऑस्ट्रियाला तेवढं पुरलं. २८ जुलैला युद्ध.

इथून पुढे माणसांपेक्षा वेळापत्रकं बोलायला लागली. जर्मनीची योजना अशी, की रशियाचं अवाढव्य सैन्य जमा व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सचा निकाल लावायचा आणि मग पूर्वेकडे वळायचं. फ्रान्समध्ये शिरायचं ते बेल्जियममधून. त्यामुळे ३० जुलैला झारने सैन्याच्या सर्वसाधारण जमवाजमवीचा हुकूम दिला तेव्हाच जर्मनीचं घड्याळ सुरू झालं. भांडण सर्बियाचं, पण पहिला मोठा घाव बेल्जियमवर, असा हा उफराटा हिशेब. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन करारात होती, ब्रिटन तो कागद पुढे करून उतरलं. १ ऑगस्टला कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, वाटलं, फ्रान्सला सोडून फक्त रशियाकडे जाता येईल. सेनाप्रमुख मोल्ट्केने सांगितलं, आता ते शक्य नाही, लाखोंचं सैन्य ऐनवेळी असं फिरवता येत नाही.

फलकाच्या कोपऱ्यात एक चौकट : कैसर विल्हेल्म आणि ब्रिटनचा पाचवा जॉर्ज हे दोघे व्हिक्टोरिया राणीचे नातू. झार निकोलस जॉर्जचा मावसभाऊ. कैसर आणि झार जुलैच्या शेवटापर्यंत एकमेकांना 'विली' आणि 'निकी' अशा सह्या करून तारा पाठवत होते. चौकटीला मथळा 'भाऊबंदकी'. मुलींना आवडला, मलाही.

६ जून

मुलींपैकी एकीने मोबाइलवरचा एक व्हिडिओ आणला : आर्चड्यूकचा खुनी गॅव्हरिलो प्रिन्सिप सँडविच खायला थांबला होता, नेमकी गाडी समोर आली, म्हणून महायुद्ध झालं. सँडविच फलकावर येणार नाही, ती मागाहून रचलेली गोष्ट आहे. चालक चुकीच्या रस्त्याला वळला आणि गाडी लॅटिन पुलाजवळ थांबली, हे खरं. सकाळी त्याच ताफ्यावर दुसऱ्या एकाने बॉम्ब टाकला होता आणि तो चुकला होता, हेही खरं. प्रिन्सिपचं वय १९. विसाच्या आत असल्यामुळे फाशी टळली. एप्रिल १९१८ मध्ये तो तुरुंगात क्षयाने मेला. त्याच्या गोळीने सुरू झालेलं युद्ध तेव्हा ऐन भरात होतं.

९ जून

भारत यात कसा आला, याला अर्धा फलक पुरतो, कारण घडलं तेवढंच. ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि व्हाइसरॉय हार्डिंजने भारतही युद्धात असल्याचं जाहीर केलं. कुणाला विचारलं नाही.

उरलेला अर्धा टिळकांना. मंडालेहून ते जून १९१४ मध्ये सुटले, खुनाच्या जेमतेम दहा-बारा दिवस आधी. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं, की या संकटात सरकारला मदत करावी. मग थेट १० जून १९१८ : मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनची युद्धपरिषद. टिळक बोलायला उभे राहिले, मदत हवी तर स्वराज्याचं बोला या अंगाने वळले, गव्हर्नरने अडवलं, टिळक सभा सोडून निघाले. या दोन तारखा समोरासमोर छापायच्या. मधल्या चार वर्षांत काय झालं ते पुढच्या फलकांत येईलच.

१२ जून

चावडीच्या भिंतीतला संगमरवरी दगड. सातारा-रत्नागिरीकडे असे दगड बऱ्याच गावांत आहेत आणि मजकूर एकाच साच्यातला : या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, नुसते आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, तिथल्या ४६ जणांचा बळी याच युद्धात गेला.

आमच्या दगडावर दर पंधरा ऑगस्टला कोणीतरी भक्तिभावाने ऑइलपेंट फासतं. खाचा बुजल्यात. सरपंच म्हणाले, "सर, खरवडू नका, दगड हाय जुना." बरोबर आहे. पातळ कागद चिकटपट्टीने ताणून लावला, मऊ पेन्सिल आडवी धरून घासत गेलो. आकडे उठले. गेलेल्यांचा दोन अंकी, मेलेल्यांचा एक अंकी. खालचं साल सर्वांत ठसठशीत : १९१४-१९१९.

मुलींनी लगेच विचारलं, "सर, युद्ध तर १९१८ ला संपलं ना?" ब्रिटिशांनी आघाड्यांवर गेलेल्या सैनिकांना वाटलेल्या विजयपदकाच्या पाठीवरही १९१४-१९१९ असंच आहे. अण्णांना हे आत्ताच सांगत नाही. खांबाचा प्रश्न आहे.

१७ जून

नकाशा. बाजारात मिळणारा तयार नकाशा युरोपचा, पश्चिम आघाडीच्या खंदकांची लाल रेघ बेल्जियमपासून स्वित्झर्लंडपर्यंत. भारत त्यात बसतच नाही. तो बाजूला ठेवला आणि मुंबई मध्यभागी धरून नवा काढायला सांगितला. मुंबईहून निघालेल्या बोटींच्या रेघा : एक सुएझमार्गे मार्सेय बंदराकडे, एक पूर्व आफ्रिकेत टांगाकडे, एक इराणच्या आखातात शिरून बसऱ्याकडे, काही सुएझ कालव्यावरच थांबणाऱ्या.

टांगाला आणि बसऱ्याला जाणाऱ्या तुकड्या मुंबईहून एकत्रच निघाल्या, १६ ऑक्टोबर १९१४. टांगाला नोव्हेंबरच्या सुरुवातीला जे झालं ती निव्वळ फजिती. आठ हजारांच्या आसपासची फौज, समोर जर्मनांचे सुमारे हजार, त्यात मधमाश्यांची मोहोळं उठली, तीन दिवसांत सगळे परत बोटीत. तिथला जर्मन सेनानी लेटो-फॉरबेक. हे नाव कालपट्टीत पुन्हा लागणार आहे, मुलींना जपून ठेवायला सांगितलं.

बसऱ्याला का? खाली अबादानला अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता आणि त्या कंपनीत ब्रिटिश सरकारने युद्धाच्या तोंडावर, १९१४ मध्येच, मोठा हिस्सा घेतला होता. नौदलाची जहाजं कोळशावरून तेलावर येत होती. ६ नोव्हेंबरला फौज फाओला उतरली, तुर्कस्तानशी युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. महिनाअखेर बसरा हातात होतं. काम तिथेच संपायला हवं होतं.

१८ जून

पश्चिम आघाडी एका फलकात. कार्यकारिणीतल्या एका सरांना तीन हवे होते. मार्न नदीवर सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन अडले, सहा आठवड्यांचं वेळापत्रक मोडलं, दोन्ही बाजू जमिनीत शिरल्या. २६ सप्टेंबरपासून मार्सेयला भारतीय सैनिक उतरले. ऑक्टोबरअखेर खुदादाद खान बेल्जियममध्ये व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला, भारतीय सैनिकाला मिळालेला तो पहिला. मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेलची लढाई. त्या वर्षाच्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून हलवलं, मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १९१६ : व्हर्दूनची लढाई फेब्रुवारी ते डिसेंबर, आणि सोम नदीवरची लढाई. सोमच्या पहिल्या दिवशी, १ जुलैला, ब्रिटिश फौजेची हानी ५७,४७०, त्यांतले मृत १९,२४०. आकडा मोठ्या टायपात, खाली एक शब्दही नाही.

२४ जून

कुटचा फलक. कुट म्हणजे बगदादच्या खाली तैग्रिस नदीवरचं गाव. इथे दीडशे शब्दांचा नियम मोडला, दोन फलक घेतले. अण्णांनी हिशेबाची वही काढली, मी दगडाचा कागद दाखवला. सुटलो.

सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. १०३ म्हणजे आजची जंगी पलटण. एप्रिल १९१५ पासून सेनापती जनरल टाउनशेंड. ३१ मेला कुर्ना. तैग्रिसला पूर, सगळीकडे पाणी, म्हणून पायदळ 'बेल्लम' नावाच्या अरुंद होड्या वल्हवत शत्रूच्या टेकड्यांवर चालून गेलं. जूनमध्ये अमारा मूठभर लोकांनिशी घेतलं. सप्टेंबरअखेर कुट. सगळं इतकं सोपं होत गेलं, की बगदाद दिसायला लागलं. तिकडे तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत ब्रिटिशांची नाचक्की चालली होती आणि लंडन-सिमल्याला एक विजय हवा होता. टाउनशेंडने शंका लिहून कळवल्या होत्या. बसऱ्यापासून इतक्या वर रसद आणायची ती नदीतूनच, आणि नदीत पुरेशा आगबोटी नाहीत. वरिष्ठ जनरल निक्सनचा हुकूम पुढे जाण्याचा.

२२ नोव्हेंबर १९१५, टेसिफॉन. प्राचीन राजवाड्याची ती प्रचंड विटांची कमान आजही उभी आहे. तिच्या छायेत चार हजारांवर माणसं जायबंदी झाली किंवा मेली. जखमींना न्यायला रुग्णवाहिका नव्हत्या, स्प्रिंग नसलेल्या मालाच्या गाड्या होत्या. नदीवरून पडावांत रचून आणलेले जखमी बसऱ्याला पोहोचले तेव्हा मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरने ती बोट पाहिली आणि जे पाहिलं ते कळवलं. वरिष्ठांनी त्यालाच दटावलं. हा कार्टर फलकावर हवाच. महायुद्धात शूर पुष्कळ होते, लेखी तक्रार करणारे कमी.

डिसेंबरच्या सुरुवातीला फौज मागे कुटमध्ये आली. गाव नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाणी, चौथीकडे तुर्क. वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. धान्य होतं, पण दळायला दगड नव्हते. ते विमानातून टाकले. पुढे पिठाची पोतीही विमानातून टाकली, काही नदीत पडली. हे ऐकून मुली वही सोडून माझ्याकडे बघत राहिल्या. फलकावर विमान आणि जात्याचा दगड असं चित्र येणार, तो त्यांचा निर्णय.

मग घोडे मारायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी खाल्ले. भारतीय शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारले. परत गेल्यावर जातवाले काय म्हणतील ही भीती होती. भारतातून धर्मगुरूंचे होकार बिनतारी संदेशाने मागवले गेले. होकार आले तरी लोक तयार होईनात. एप्रिलमध्ये, अगदीच हाडं वर आल्यावर, पुष्कळांनी खाल्लं. तोवर स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या होत्या. ही गोष्ट इंग्रजी इतिहासांत 'पूर्वेकडच्यांचा हट्ट' म्हणून येते. माझं मत वेगळं. ज्याला गावात परत जाऊन राहायचं आहे, मुलीचं लग्न जमवायचं आहे, तो उद्याच्या गावाचा विचार करत होता. फलकावर एवढंच लिहिलं : 'गावी परतायचं होतं, म्हणून खाल्लं नाही.'

सुटका करायला आलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार मेले किंवा जखमी झाले. वेढ्यात अडकले त्याहून जास्त. शेवटी पैसे देऊन सोडवण्याचाही प्रयत्न झाला, त्या बोलण्यांत टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', होता. तुर्कांनी धुडकावलं. सुमारे १३ हजार कैद झाले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपाई वाळवंटातून पायी, बगदाद, मोसुल, पुढे रास अल-ऐनला रेल्वेमार्गाच्या कामावर. कैदेत मेलेल्यांचा आकडा चार हजारांवर जातो.

२६ जून

कुटच्या फलकाचं शेपूट. हे कापायला मी तयार नाही.

कुटच्या चौकशीसाठी लंडनमध्ये आयोग बसला. त्याचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला, ठपका भारत सरकारवर. जुलैमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला. त्याच चर्चेत भारत सरकारवर तोफ डागणारा एडविन मॉन्टेग्यू त्याच्या जागी आला आणि २० ऑगस्टला त्याने ती प्रसिद्ध घोषणा केली : भारतात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणायची. घोषणेचा मसुदा आधीपासून घाटत होता, तेव्हा कुट पडलं म्हणून सुधारणा आल्या असं म्हणणं जास्तीचं होईल. पण पुणे डिव्हिजनच्या उपासमारीची आणि मॉन्टफर्ड (मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड) सुधारणांची गाठ एका मंत्र्याच्या खुर्चीपाशी पडते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेच येत नाही.

३० जून

१९१७-१८ भराभर. मार्चमध्ये बगदाद ब्रिटिशांच्या हाती, जनरल मॉडचं जाहीरनाम्यात आश्वासन की आम्ही जेते म्हणून आलेलो नाही. नोव्हेंबरात मॉड कॉलऱ्याने मेला. रशियात दोन क्रांत्या, अमेरिका ६ एप्रिलला युद्धात. मार्च १९१८ मध्ये रशिया-जर्मनीचा ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह आणि लगोलग जर्मनीची पश्चिमेकडची शेवटची धडक. ८ ऑगस्टला आमियाँची लढाई, तिथून जर्मन फौज मागेच हटत गेली. ऑक्टोबरअखेर मेसोपोटेमियात शरकातच्या लढाईत ११४ मराठा पलटण. ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशी शस्त्रसंधी, ११ नोव्हेंबरला जर्मनीशी. चार साम्राज्यं गेली : रशियाचं रोमानोव्ह, ऑस्ट्रियाचं हाब्सबुर्ग, जर्मनीचं होहेनझोलर्न, आणि थोडं रेंगाळून तुर्कांचं ऑटोमन. मृत सैनिक एक कोटीच्या आसपास.

४ जुलै

'घरी काय चाललं होतं' हा फलक मुलींनी स्वतः मागून घेतला. मी फक्त तपासणार.

त्यांची सुरुवात नोटेपासून. रुपया चांदीचा होता, युद्धात चांदी पुरेना, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट आली. पाठोपाठ अडीच रुपयांचीही. अडीच रुपयांची नोट होती यावर अण्णांचा विश्वास बसेना, चित्र दाखवल्यावर म्हणाले, "ही पहिल्या फलकावर घ्या, गर्दी होईल."

मुंबईचं वस्तुसंग्रहालय, तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम : इमारत नुकतीच बांधून झालेली, त्यात आधी लष्करी रुग्णालय. मशीद बंदरच्या नाविक गृहातलं स्मारक : समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांसाठी. रत्नागिरीचे किती खलाशी तेव्हा बोटींवर बॉयलरपाशी होते, हे कोकणातल्या कुणाला सांगायला नको.

डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये लंडनहून परतले. सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं, ती जर्मन पाणबुडीने बुडवली, पुस्तकं आणि कागद गेले. त्याच वर्षी बेळगावला १११ महार पलटण उभी राहिली. १८९० च्या दशकात 'लढवय्या जाती'चं खूळ घेऊन सरकारने महारांची भरती बंद केली होती. माणसं कमी पडल्यावर ते खूळ गुंडाळून ठेवलं. १९२१ मध्ये पलटण मोडून टाकली. पुन्हा लढाई आली तेव्हा, १९४१ मध्ये, पुन्हा महार रेजिमेंट. मुलींनी तीन तारखा एकाखाली एक लिहून मध्ये मोकळी जागा सोडली. मी एक शब्द बदलला नाही.

आणि ताप. जून १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला, सुरुवातीचे रुग्ण गोदीवर पहारा देणारे पोलीस. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट, रेल्वेबरोबर आत घाटावर. त्या वर्षी पाऊसही गेला होता. देशात सव्वा कोटीच्या आसपास मेले, काही अभ्यासक आकडा याहून वर नेतात. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. युद्धात मेलेले भारतीय सैनिक सुमारे ७४ हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवायचे की नाही यावर आमचा बराच वेळ गेला. ठेवले.

९ जुलै

कार्यकारिणीची बैठक, विषय खांब.

मी तारखा मांडल्या. ११ नोव्हेंबर १९१८ ला पश्चिम आघाडीवर तोफा थांबल्या, बरोबर. टांगाचा लेटो-फॉरबेक आफ्रिकेत शरण आला २५ नोव्हेंबरला, बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली तीच उशिरा. व्हर्सायचा तह २८ जून १९१९, साराजेव्होच्या खुनाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. भारतातर्फे सह्या मॉन्टेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंग यांच्या. दगडावरचं १९१९ ते हेच. पण तुर्कस्तानशी सेव्हरचा तह ऑगस्ट १९२० चा, तो टिकला नाही, खरा तह लोझानला २४ जुलै १९२३ ला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग पहिल्या महायुद्धातले मृत्यू मोजतो ते ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत.

एक सदस्य म्हणाले, हे वकिली मुद्दे झाले. मग मी १९२० चा इराक काढला. बसरा, बगदाद, मोसुल हे तीन प्रांत जोडून ब्रिटिशांनी एप्रिल १९२० मध्ये सान रेमोच्या परिषदेत त्याचा ताबा आपल्याकडे घेतला. मॉडचं आश्वासन लोकांच्या लक्षात होतं. उन्हाळ्यात देश पेटला. मोडून काढायला फौज कुठली? बहुतांश भारतीय. भारतातून पुन्हा कुमक गेली. पुढच्या वर्षी अरब राजपुत्र फैजलला इराकच्या गादीवर बसवलं. ज्या घरातला माणूस १९२० मध्ये पुन्हा बसऱ्याला उतरला, त्या घराला ११ नोव्हेंबर सांगून काय उपयोग?

आणि इथलं : मार्च १९१९ रौलट कायदा, १३ एप्रिल जालियनवाला. तुर्की तहाच्या अटींवरून खिलाफत, त्यातून असहकार. १७ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला तेव्हा बहिष्कार आणि दंगल. दोनच दिवसांनी पुण्यात त्याच्याच हस्ते शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला. युद्धात मदत केलेल्या मराठ्यांची बूज राखायची होती सरकारला. टिळकांच्या त्या दोन तारखांमधलं अंतर आता कुणालाही समजेल.

शेवटी अण्णाच म्हणाले, "देणगीदारांची नावं जिन्यात लावू. येता-जाता दिसतील तरी." पट्टी खांबाला वळसा घालून बालविभागाच्या दारापर्यंत, १९२३ ला संपणार. खांबाच्या चारही अंगांवर १९१९.

१४ जुलै

व्हर्सायचा फलक. इथे सगळ्यांचं एक आवडतं वाक्य असतं : 'व्हर्सायमुळे हिटलर आला.' ते काढलं. तह कडक होता, युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि मित्रांवर टाकणारं २३१ वं कलम बोचणारं होतं, १९२१ मध्ये युद्धखंडणी १३२ अब्ज सुवर्णमार्क ठरली, १९२३ मध्ये मार्कची रद्दी झाली. पण १९२४ नंतर गाडी रुळावर येत होती. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं. जुलै १९३२ मध्ये ३७.३. मधल्या चार वर्षांत तह तोच होता, महामंदी नवी होती. दोन टक्केवाऱ्या आणि मध्ये १९२९, एवढंच फलकावर. खंडणी फेडायला काढलेल्या कर्जांचा शेवटचा हप्ता जर्मनीने ऑक्टोबर २०१० मध्ये भरला, ही ओळ सगळ्यात खाली. मुलींच्या जन्माच्या आसपासची गोष्ट निघाली ती, त्यामुळे त्यांना विशेष गंमत.

१८ जुलै

समाधींचा फलक, शेवटचा. बसरा स्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद. ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलेलं. भारतीय अधिकाऱ्याचं कोरलेलं. साध्या भारतीय शिपायाचा फक्त पलटणीगणिक आकडा, नाव कागदी नोंदवहीत. आपल्या चावडीवर तेच झालं. २०२१ मध्ये युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेलं.

२३ जुलै

छापायला दिलं. फ्लेक्सवाल्या पोराच्या फाँटमध्ये 'व्हर्दून'चा रफार उडाला आणि 'न्यूव्ह शापेल' तीन ठिकाणी तीन प्रकारे आलं. दुसरं प्रूफ मागवलं. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइट उजळते आणि वाचता येत नाही. मॅट सांगितलं, दर थोडा जास्त.

३० जुलै

फलक लागले. खांबाभोवती पोरं गोल फिरतात, ते अण्णांना पसंत नाही, मला आहे. वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा कुटपाशी बराच वेळ थांबले, मग विचारलं, "आमच्या चुलत्याचं पदक आहे ट्रंकेत, आणू का?"

म्हणून काउंटरवर नोंदवही ठेवली आणि शेजारी सूचना लावली. मजकूर असा :

घरात पदक असेल तर घासू नका, पॉलिश करू नका. कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, ती भिंगातून वाचता येते. आम्ही वाचून देऊ, पदक ठेवून घेणार नाही. चांदीचं नसून कांस्याचं असलं तरी आणा. ब्रिटिश युद्धपदक शिपायांना चांदीचं मिळालं, मजूर तुकड्यांतल्या आणि पलटणीसोबत गेलेल्या बिनलढाऊ माणसांना तेच पदक कांस्याचं. ते नकली नाही. दगडावरच्या आकड्यात ही माणसं धरली होती की नव्हती, ते या नोंदींवरूनच कळेल.